बोटीवरून उतरलेला देश

सह्याद्रीचा काळा कातळ आणि मॉरिशसचा काळा दगड हे एकाच घराण्यातले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त स्रोतातून दख्खनचं पठार लाव्ह्याच्या थरांनी उभं राहिलं, त्याच स्रोतावरून भूकवच सरकत राहिलं. त्या वाटेवर पुढे मालदीवखालचा डोंगरकणा तयार झाला, सुमारे ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर आलं आणि सगळ्यांत शेवटी शेजारचं रियुनियन. रियुनियनचा ज्वालामुखी आजही उसळतो, मॉरिशसचा केव्हाच शांत झाला. त्याच्या विवरांपैकी एकात पाणी साठून झालेल्या गंगा तलावावर आता महाशिवरात्रीला बेटभरातून लोक कावडी घेऊन चालत येतात.

कुठल्याही देशाची माहिती घ्यायची तर क्षेत्रफळ, लोकसंख्या, राजधानी, राज्यकारभार, रस्ते, वीज या क्रमाने आपण विचारत जातो. मॉरिशसचे आकडे लहान आहेत. मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या जेमतेम तिप्पट. रॉड्रिग्ज आणि इतर छोटी बेटं धरून २,०४० च्या आसपास. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटर. किनाऱ्याभोवती प्रवाळाचं कडं आहे. मधलं पठार पावसाने चिंब, तर पश्चिम किनारा बराच कोरडा. पण यातला कुठलाही तपशील उकलायला घेतला की शेवटी एकाच गोष्टीपाशी यावं लागतं: या बेटावर मूळचं कुणीही नव्हतं. माणसं, ऊस, कायदे, भाषा, देव, सगळं जहाजाने आलं.

अरब दर्यावर्दींना बेट ठाऊक होतं, पोर्तुगीज येऊन गेले. डचांनी १५९८ मध्ये आपला राजपुत्र मॉरिस याचं नाव त्याला दिलं आणि १६३८ मध्ये वस्ती केली. जावाहून ऊस त्यांनीच आणला आणि उडता न येणारा डोडो पक्षीही त्यांच्याच काळात नामशेष झाला. १७१० मध्ये ते बेट सोडून गेले, १७१५ मध्ये फ्रेंच आले. १७३५ पासून गव्हर्नर असलेल्या ला बुर्दोनेने पोर्ट लुई हे बंदर आणि राजधानी घडवली. पुढे १७४६ मध्ये इंग्रजांकडून मद्रास घेणारा सेनानी तो हाच. बांधकामाला हात मात्र मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांचे होते. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं, पण तहात रहिवाशांचे कायदे, धर्म आणि चालीरीती कायम ठेवल्या. म्हणूनच आजही संसदेचं कामकाज इंग्रजीत चालतं, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये निघतात आणि घरात क्रिओल बोलली जाते. दिवाणी कायदा नेपोलियनच्या संहितेवरून आलेला, तर शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे!

१८३५ मध्ये गुलामगिरी संपली. मळेवाल्यांनी त्याआधीच पर्याय शोधून ठेवला होता. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' जहाजातून कलकत्त्याचे ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. १९२०च्या दशकापर्यंत असे सुमारे साडेचार लाख करारबद्ध मजूर आले. बहुसंख्य बिहार आणि आसपासचे, बरेच मद्रासकडचे आणि मुंबई बंदरातून निघालेले आपले कोकणातले नि देशावरचे. ते जिथे उतरले तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. तिथे प्रत्येकाला क्रमांक मिळे. नोंदवहीत नाव, बापाचं नाव, जात, जिल्हा, गाव, जहाज आणि अंगावरच्या खुणा लिहिल्या जात. पुढे फोटोही काढले जाऊ लागले. या वह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत आणि मॉरिशसची माणसं आपल्या पणजोबांचं गाव शोधायला तिथे जातात. मला त्या देशातली ही सर्वांत मोलाची सार्वजनिक सोय वाटते. ज्या वह्या मजुरांवर पाळत ठेवायला बनवल्या, त्यांच्यातूनच आज लोक आपलं घराणं जुळवतात.

त्या मजुरांच्या कष्टांची खूण उसाच्या फडात उघडी दिसते. जमीन ज्वालामुखीच्या दगडांनी भरलेली. नांगरट करायची तर आधी दगड वेचायला हवेत. गुलामांनी आणि नंतर मजुरांनी ते हाताने उचलून शेताच्या मधोमध रचले. दोन पुरुष उंचीचे काळे ढिगारे, काही चक्क पायऱ्यापायऱ्यांचे, आजही हिरव्या उसातून डोकं वर काढून उभे आहेत.

मराठी मंडळी संख्येने थोडी, पण त्यांनी आपलं चांगलंच टिकवलं. गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये राष्ट्रीय सुट्टी असते आणि गौरीगणपतीचं विसर्जन समुद्रात किंवा नदीत होतं. कोकणातलं जाखडी नृत्य तिथे 'झाकरी' म्हणून नाचलं जातं. मराठी घरात बोलली जात नाही असं बहुतांशी म्हणावं लागेल, पण सरकारी प्राथमिक शाळांत ती शिकवली जाते. दिवाळी, ईद, नाताळ, चिनी नववर्ष आणि तमिळांची थैपूसम कावडी या सगळ्यांनाच सुट्टी असते.

इतक्या ठिकाणांहून आलेल्यांनी एकत्र राज्य कसं करायचं, हा प्रश्न स्वातंत्र्याच्या वेळी जीवघेणा होता. १९६७ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला मत दिलं. अल्पसंख्याकांना हिंदू बहुमताची धास्ती होती. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत दंगली झाल्या, इंग्रज फौज बोलवावी लागली आणि १२ मार्चला त्याच वातावरणात देश स्वतंत्र होऊन शिवसागर रामगुलाम पहिले पंतप्रधान झाले. धास्तीवर घटनेत तोडगा होता. संसदेत ६२ जण थेट निवडून येतात आणि आठ जागा अशा पराभूत उमेदवारांना मिळतात, ज्यांच्या समाजाला प्रतिनिधित्व कमी पडलंय. त्यासाठी समाज चार मानले: हिंदू, मुस्लिम, चिनी आणि उरलेले 'सर्वसाधारण'. हिशेब मात्र १९७२ च्या जनगणनेवरच चालतो, कारण त्यानंतर जनगणनेत समाज विचारणंच बंद झालं. उमेदवाराला आपला समाज जाहीर करण्याची सक्ती मानवाधिकारांशी विसंगत असल्याचा निर्वाळा संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०१२ मध्ये दिला. माझ्या मते या सोयीने सुरुवातीला घर सावरलं. आता तिच्यामुळे तरुणांना नको असलेली खूण कपाळी मिरवावी लागते. तरी सत्ता मतपेटीतूनच बदलते, हे मोठं. नोव्हेंबर २०२४ मध्ये विरोधी आघाडीने ६२ पैकी ६० जागा जिंकल्या आणि सरकार मुकाट्याने बदललं. देशाला सैन्य नाही; पोलिसांचंच एक निमलष्करी दल आहे.

जेम्स मीड या पुढे नोबेल मिळवलेल्या अर्थतज्ज्ञाने १९६१ च्या अहवालात या बेटाच्या भवितव्याबद्दल फार निराशाजनक चित्र रंगवलं होतं: माणसं वाढताहेत, पीक एकच. पण १९७० मध्ये निर्यात उद्योगांना सवलती मिळाल्या, कापडगिरण्या आल्या, मग पर्यटन आणि बँका. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं, तेही १९७५ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले म्हणून.

घरांकडे पाहिलं की वादळं आठवतात. १९६० च्या 'कॅरोल' चक्रीवादळाने लाकूड-पत्र्याची हजारो घरं उडवून नेली. तेव्हापासून सपाट छताची काँक्रीटची घरं बांधण्याचा परिपाठ पडला. कित्येक गच्च्यांवर लोखंडी सळ्या आभाळाकडे उभ्या ठेवलेल्या दिसतात: मुलाचं लग्न झालं की वरचा मजला चढवायचा. रेल्वे १८६४ मध्ये आली आणि १९६४ मध्ये पूर्ण बंद झाली. मग रस्ते तुंबले. आता लार्सन अँड टुब्रोने भारतीय अर्थसाहाय्यातून बांधलेली मेट्रो ट्राम पोर्ट लुईपासून पठारावरच्या क्युरपिपपर्यंत धावते. विद्यार्थी आणि ज्येष्ठांना २००५ पासून बसप्रवास फुकट आहे. गाळपाच्या हंगामात साखर कारखाने चिपाडावर वीज बनवून देशाच्या वीजजाळ्यात सोडतात, हंगाम सरला की त्याच बॉयलरांत आयात कोळसा जातो. पोर्ट लुईच्या बाजारात दुपारी 'ढोल पुरी'साठी रांग लागते. उकडून वाटलेली डाळ भरलेली पातळ, मऊ पोळी. आपल्या पुरणपोळीची तिखट बहीण. ती जोडीनेच मिळते, वर घेवड्याची आमटी, टोमॅटोचा रस्सा आणि मिरचीची चटणी, कागदात गुंडाळून.

राहिला हद्दीचा प्रश्न. स्वातंत्र्य देण्याआधी, १९६५ मध्ये, ब्रिटनने चागोस बेटं मॉरिशसपासून तोडली आणि १९७३ पर्यंत तिथल्या दीड-दोन हजार रहिवाशांना हाकलून दिएगो गार्सियावर अमेरिकेला तळासाठी जागा मोकळी करून दिली. हे लोक म्हणजे मळ्यांवर आणलेल्या गुलामांचे नि मजुरांचे वंशज. त्यांतले बरेच पोर्ट लुईच्या गरीब वस्त्यांत येऊन पडले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये ही फाळणी बेकायदा ठरवली. २२ मे २०२५ रोजी ब्रिटनने चागोसचं सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याच्या करारावर सही केली, दिएगो गार्सिया मात्र ९९ वर्षांसाठी आपल्याकडे ठेवून. करारानुसार बाकीच्या बेटांवर मॉरिशसला पुनर्वसन करता येईल. पण वाटाघाटींत आपल्याला विचारलंच नाही, असं अनेक चागोसवासीयांचं म्हणणं आहे, आणि ज्यांचा जन्म दिएगो गार्सियावरच झाला त्यांना या पुनर्वसनातून आपलं गाव परत मिळत नाही.