लोह : पिकाचे पोषण आणि विषही

लोह कमी पडले की पिकाची पाने पिवळी पडतात, हे शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. मात्र तेच लोह अधिक झाल्यास पिकाला विषबाधा होते, याची जाणीव तुलनेने कमी आहे. भूकवचाच्या वजनात लोहाचा वाटा सुमारे ५ टक्के असल्याने बहुतेक जमिनींत ते मुबलक असते. पिकाच्या दृष्टीने महत्त्वाचे असते ते त्याचे रूप.

हवा खेळती असलेल्या जमिनीत लोह गंजासारख्या ‘फेरिक’ रूपात असते व पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. चुनखडीयुक्त जमिनीत ही अडचण अधिक वाढते. ऊस किंवा भुईमुगावर पडणारा ‘केवडा’ हे त्याचेच लक्षण होय.

पाणी साचलेल्या भातखाचरात याच्या उलट घडते. मातीतील प्राणवायू संपल्यावर काही जीवाणू श्वसनासाठी फेरिक लोहाचा वापर करतात आणि त्याचे विद्राव्य ‘फेरस’ लोहात रूपांतर होते. आम्लधर्मी, निचरा न होणाऱ्या जमिनीत त्याचे प्रमाण झपाट्याने वाढते. केरळ, ओडिशा आणि आसाममधील भातशेतीत ही समस्या आढळते. कोकण व गोव्यातील जांभ्या मातीच्या सखल खाचरांतही यासाठी पोषक स्थिती असते.

दुधारी शस्त्र

हरितद्रव्याच्या निर्मितीसाठी आणि श्वसनासाठी लोह अनिवार्य आहे. परंतु पेशीतील मोकळे फेरस लोह हायड्रोजन पेरॉक्साइडशी अभिक्रिया करून अतिशय क्रियाशील मूलके निर्माण करते. ही मूलके पेशींची आवरणे, प्रथिने आणि डीएनए यांना इजा पोचवतात. म्हणून वनस्पती जादा लोह ‘फेरिटिन’ या प्रथिनाच्या पोकळीत साठवते. या प्रथिनाच्या एका रेणूत लोहाचे सुमारे ४,५०० अणू मावू शकतात. भाताची मुळे तर पानांकडून आलेला प्राणवायू बाहेर सोडून लोहाला मुळांच्या पृष्ठभागावरच गंजाच्या थरात अडकवतात.

ओळख आणि उपाय

कमतरतेत कोवळी पाने पिवळी पडतात व शिरा हिरव्या राहतात. विषबाधेत खालच्या, जुन्या पानांच्या टोकांकडून तांबूस-तपकिरी ठिपके पसरत जातात, फुटवे कमी येतात आणि मुळांवर तपकिरी थर दिसतो. हे ठिपके रोगाचे समजून औषधफवारणी केल्यास खर्च वाया जातो. पालाश, स्फुरद व जस्त यांची उणीव असल्यास बाधा अधिक तीव्र होते.

खाचरातील पाणी अधूनमधून काढून माती हवेशीर करणे, आम्लता कमी करण्यासाठी चुना देणे, पालाशासह संतुलित खते वापरणे आणि सहनशील वाण निवडणे हे प्रमुख उपाय आहेत. केवड्यावर गुणकारी ठरणारे हिराकस येथे मात्र अपायकारक ठरू शकते. त्यामुळे मात्रा ठरविण्यापूर्वी पाने बारकाईने पाहणे आणि मातीपरीक्षण करून घेणे हेच हिताचे आहे.