आभासी पेढीच्या खऱ्या किल्ल्या

जानेवारी २०१४ मध्ये एका जागेचे भाडे वेळेवर भरले गेले नाही. जागा पृथ्वीवरील नव्हती. ‘ईव्ह ऑनलाइन’ या संगणकीय खेळातील एका काल्पनिक तारामंडळाची ती होती. प्रदेशावरील हक्क टिकविण्यासाठी तेव्हा तेथे ठरावीक मुदतीने भाडे भरावे लागे. ते थकताच हक्क संपला, प्रतिपक्ष चालून आला आणि सुमारे २१ तास संग्राम चालला. साडेसात हजारांहून अधिक खेळाडू त्यात उतरले. नष्ट झालेल्या जहाजांचे मोल खऱ्या चलनात तीन लाख डॉलरच्या घरात गेले, असा हिशेब मांडला गेला. ज्या घरांत देय तारखा चुकविणे हा कमीपणा मानला जातो, तेथे हे वृत्त वाचून हसू येईल. पण त्यातील चूक ओळखीची वाटल्यावाचून राहणार नाही.

आइसलँडमधील सीसीपी या कंपनीने २००३ साली हा खेळ सुरू केला. अंतराळातील व्यापार, उत्पादन आणि युद्ध हा त्याचा विषय. खेळाडू स्वतःच मंडळ्या स्थापन करतात. त्यांना मुख्याधिकारी असतो, संचालक असतात, सभासदांच्या मिळकतीवर कर असतो. अनेक मंडळ्या मिळून महासंघ होतो. बाजारभाव मागणी-पुरवठ्यावर ठरतात. कंपनीने २००७ साली तर एका अर्थशास्त्रज्ञाचीच नेमणूक केली. हे गृहस्थ पुढे आइसलँडमधील आकुरेरी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्याला पोरखेळ म्हणून बाजूला सारता येत नाही, असा हा पसारा आहे.

या मंडळ्या दुबळ्या ठरल्या त्या शत्रूच्या तोफांपुढे क्वचितच. त्यांचा घात बहुधा अंतर्गत व्यवस्थेने केला. ‘बँड ऑफ ब्रदर्स’ हा त्या काळचा अत्यंत बलाढ्य महासंघ. फेब्रुवारी २००९ मध्ये त्याचा एक संचालक फितूर झाला. महासंघ विसर्जित करण्याचा अधिकार त्याला एकट्याला होता. दुसऱ्या कोणाच्या संमतीची आवश्यकता नव्हती. त्याने तो वापरला, आणि वर्षानुवर्षे उभारलेले साम्राज्य काही क्षणांत कागदावरून नाहीसे झाले. नावसुद्धा प्रतिस्पर्ध्यांनी आपल्याकडे नोंदवून घेतले.

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन भिन्न अधिकाऱ्यांकडे राहतात. हा नियम अविश्वासातून जन्मलेला नाही. प्रामाणिक माणसावर संशय येऊ नये, हाही त्याचा हेतू आहे.

त्याच वर्षी दुसरी घटना घडली, आणि ती अधिक बोचणारी आहे. खेळाडूंनीच चालविलेली ‘ई-बँक’ नावाची पेढी ठेवी स्वीकारी, कर्जे देई, व्याज देई. तिच्या प्रमुखाने खेळातील चलनाचे सुमारे २०० अब्ज उचलले आणि बाहेर खऱ्या पैशांना विकले. घराची अनामत आणि मुलाच्या औषधोपचाराचा खर्च अशी निकड त्याच्यापुढे होती. बातमी फुटताच ठेवी काढून घेण्यासाठी झुंबड उडाली. कंपनीने त्याला खेळातून काढले, पण अपहारासाठी नव्हे! खेळाच्या चौकटीत फसवणूक वैध आहे. खेळाचे चलन बाहेर विकणे तेवढे निषिद्ध. ठेवीदारांना दाद मागण्यास जागाच उरली नाही. ठेवींना विम्याचे संरक्षण नव्हते आणि वर देखरेख करणारे कोणी नव्हते. होता तो केवळ परिचय. निकड खरी असली, तरी विश्वस्ताच्या हाती असलेले धन परक्याचेच राहते.

वास्तविक साधने उपलब्ध होती. प्रत्येक मंडळीच्या निधीचे सात कप्पे असतात, गोदामाचेही सात; कोणाला कोणता कप्पा उघडता यावा, हे ठरविता येते. जमाखर्चाची नोंद आपोआप होते. शहाण्या मंडळ्या रोजच्या खर्चाचा कप्पा निराळा ठेवतात, मुख्य निधी मोजक्यांच्या हाती देतात आणि नव्या सभासदाला पायरीपायरीने अधिकार देतात. मैत्रीत हिशेब कशाला, असे म्हणणाऱ्यांनाच बहुतेक वेळा मैत्री आणि हिशेब दोन्ही गमवावे लागले.

कंपनीवरील विश्वासाचा प्रश्न वेगळा. २००७ साली तिच्याच एका कर्मचाऱ्याने आपल्या महासंघाला अनुचित लाभ दिल्याचे उघड झाले. त्या क्षोभानंतर २००८ मध्ये खेळाडूंनी निवडलेले नऊ जणांचे प्रतिनिधी मंडळ अस्तित्वात आले. २०११ साली पात्राला घालावयाचा एकडोळी चष्मा सुमारे ६० डॉलरना विक्रीस ठेवला गेला, तेव्हा संतप्त खेळाडूंनी खेळातील मुख्य बाजारपेठेजवळच्या स्मारकावर तोफा डागल्या. प्रतिनिधींना तातडीने रेक्याविकला पाचारण करण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर क्षमा मागितली.

मोठे महासंघ एकगठ्ठा मते टाकीत आणि विखुरलेल्या मतदारांची मते वाया जात. म्हणून २०१३ पासून पसंतीक्रमाची पद्धत स्वीकारली गेली. आपल्याकडे राज्यसभेच्या निवडणुकीत अशीच पद्धत आहे. तिने एकगठ्ठा मतांचे बळ संपले नाही, मात्र लहान मंडळ्यांच्या मतदाराला दुसरी-तिसरी पसंती नोंदविण्यात अर्थ वाटू लागला.

एक अडचण मात्र शिल्लक आहे. कंपनीच्या भावी योजना प्रतिनिधींना आधी कळतात, म्हणून गुप्ततेचा करार त्यांच्याकडून लिहून घेतला जातो. ज्यांनी निवडून दिले, त्यांनाच सर्व सांगता येत नाही. काही मंडळी मग विचारतात, तुम्ही तेथे करता तरी काय? प्रतिनिधींना त्या वेळी मौन पाळावे लागते.