हिवतापाने रक्तात ठेवलेली खूण

तांबड्या रक्तपेशी जगभर सारख्याच दिसत असल्या, तरी त्यांच्या आत रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, म्हणजेच विकरे किंवा एन्झाइम, सर्व माणसांत तंतोतंत सारखी नसतात. जनुकात एखादा बदल झाला की विकराचा विद्युतभार बदलू शकतो, आणि स्टार्चच्या जेलमधून वीजप्रवाह सोडल्यावर ते नेहमीच्या जागेच्या मागेपुढे थांबते. ऑलिव्हर स्मिथीज यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या या पद्धतीमुळे आम्ल फॉस्फटेजसारख्या विकरांची कोणती रूपे कोणत्या समाजात किती आढळतात, हे मोजता येऊ लागले.

त्यांतील सर्वाधिक बोलके विकर म्हणजे जी६पीडी. तांबड्या पेशीचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करण्यास ते आवश्यक असते. ते उणे असेल, तर काही औषधांनी किंवा फावा या कडधान्याने पेशी भराभर फुटतात, कावीळ होते आणि लघवी काळपट येते. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने आणि पुरुषांत हे गुणसूत्र एकच असल्याने त्रास मुख्यतः त्यांना होतो. अमेरिकेत इलिनॉयच्या तुरुंगात प्रायमाक्वीन या हिवतापाच्या औषधाच्या चाचण्या कैद्यांवर होत असताना, काही कृष्णवर्णीयांचेच रक्त का फुटते याचा शोध घेता १९५६ मध्ये ही उणीव उघड झाली. बंदिवानांची संमती कितपत मोकळी होती, हा प्रश्न त्या शोधाला चिकटूनच राहिला आहे.

असा घातक दोष टिकला कसा? आफ्रिका, भूमध्य सागराचा परिसर, आशिया, म्हणजे जिथे हिवतापाचे ठाण होते तिथेच तो अधिक आढळतो; कारण ही उणीव असलेल्या पेशींत हिवतापाच्या परजीवीचे नीट फावत नाही, असे मानले जाते. सार्डिनिया बेटावर तर हिवतापग्रस्त सखल गावांत त्याचे प्रमाण मोठे आणि डोंगरावरील गावांत अगदी थोडे असल्याचे दिसले, म्हणजे एकाच बेटावरील, एकाच वंशाच्या मानल्या गेलेल्या लोकांतही फरक पडला.

त्यामुळे अशा खुणांवरून माणसांचे वंश पाडणे फोल ठरते. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये रक्तगट, रक्तद्रवातील प्रथिने आणि विकरे यांची आकडेवारी एकत्र मांडून दाखवले की सुमारे ८५ टक्के विविधता कोणत्याही एका समाजाच्या आतच असते.

भारतात जी६पीडीच्या उणिवेची तीन रूपे प्रामुख्याने आढळतात: भूमध्यसागरी, ओरिसा आणि केरळ-कल्याण. यांतील ओरिसा हे रूप मुख्यतः आदिवासी समाजांत दिसते. तिसऱ्याच्या नावातील कल्याण हे ठाणे जिल्ह्यातलेच. केरळ व कल्याण अशी वेगवेगळी नोंदलेली ही रूपे एकाच जनुकीय बदलाची असल्याचे पुढे सिद्ध झाले. पारशी समाजातही ही उणीव बरीच आढळते. व्हायव्हॅक्स प्रकारचा हिवताप उलटू नये म्हणून आजही मुख्यतः प्रायमाक्वीनच दिले जाते. तेव्हा ते घेण्यापूर्वी जी६पीडीची तपासणी करून घेण्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.