गुणाला तीन मिनिटे

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत गणिताचे दोन पेपर असतात, बीजगणित आणि भूमिती. प्रत्येक पेपर 40 गुणांचा, वेळ दोन तास. म्हणजे गुणाला तीन मिनिटे. विज्ञानाच्या दोन्ही भागांना हेच माप लागते. मराठीच्या 80 गुणांच्या पेपराला तीन तास मिळतात, तिथे गुणाच्या वाट्याला सव्वादोन मिनिटे येतात. पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी वाचायला मिळत असे. 2023च्या परीक्षेपासून ते बंद झाले आणि तेवढा वेळ शेवटी वाढवून मिळू लागला. प्रश्न वाचणे आणि उत्तर लिहिणे आता एकाच घड्याळावर चालते, आणि दहावीची तयारी करून घेणाऱ्या शिक्षकाला पहिला विचार त्या घड्याळाचा करावा लागतो.

सांगोला तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणिताच्या बाई दिवाळीची सुट्टी संपली की फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात हे माप लिहितात. बाकीचा फळा दर तासाला पुसला जातो, तो कोपरा परीक्षेपर्यंत तसाच राहतो. दिवाळीपर्यंत पोर्शन बहुतेक संपत आलेला असतो. बीजगणितात सांख्यिकी आणि भूमितीत महत्त्वमापन एवढेच काय ते मागे राहिलेले असते. पुढे उरते ती उजळणी, आणि मुलांचा सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तोही उजळणीतच.

बहुतेक मुलांची उजळणी म्हणजे पुस्तक पुन्हा उघडणे, सोडवलेले उदाहरण वरून खाली वाचणे आणि 'हे येतंय' म्हणत पान उलटणे. महत्त्वाच्या ओळींखाली रंगीत पेनाच्या रेघा ओढल्या जातात, गाइडमधली उत्तरे वहीत उतरवली जातात. हात चालत असतो, त्यामुळे अभ्यास झाल्यासारखा वाटतो. या समजाची नीट तपासणी 2006 साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी केली. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो पहिल्या सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना सुमारे 40 टक्के मजकूर आठवला आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 61 टक्के. आपल्याकडे तिन्हीसांजेला परवचा म्हणून घेत, त्यातही मुलाला पाढे पुस्तकाविना म्हणावे लागत आणि रोज म्हणावे लागत.

बाईंचा तास याच तत्त्वावर चालतो. वर्गात आल्यावर पहिली दहा मिनिटे वह्या-पुस्तके दप्तरात. फळ्यावर तीन प्रश्न: एक कालच्या प्रकरणातला, एक महिन्यापूर्वीचा, एक पावसाळ्यात शिकवलेला. पावसाळ्यातला प्रश्न आला की वर्गात चुळबुळ सुरू होते. वर्गसमीकरणाचे सूत्र तोंडावर असते, पण विवेचकाची किंमत ऋण आली तर मुळांचे काय होते, ते आठवत नाही. बाई लगेच सांगत नाहीत. मिनिटभर थांबतात, मग एखाद्याला उठवतात. ते मिनिट मुलांना जड जाते. पण उत्तर सांगून टाकण्याच्या घाईत असलेल्या कितीतरी वर्गांमध्ये ते मिळतच नाही, आणि विसरलेले पुन्हा हाती लागते ते त्याच मिनिटात.

डिसेंबरपासून शाळेत रात्र अभ्यासिका भरते. मुले संध्याकाळी घरी जाऊन येतात, काही जण डबा घेऊनच येतात आणि व्हरांड्यात लसूण घातलेल्या शेंगदाणा चटणीचा वास पसरतो. जेवण झाले की दोन तास बसायचे, मोबाइल शिक्षकांच्या टेबलावर. घरून कुणीतरी मोटारसायकलवरून मुलींना न्यायला येते. सवयी लावा असा उपदेश दहावीच्या मुलांना चारही बाजूंनी होतो. ज्या घरात दोन खोल्या आणि एक टीव्ही आहे, जिथे शाळा सुटल्यावर डाळिंबाच्या बागेत हात लावावा लागतो, तिथे सवय लावायची कुठे बसून, याचा विचार फार थोडे जण करतात. अभ्यासिकेने मुलांना दिवा, बाक आणि शेजारी बसून अभ्यास करणारी सोबत दिली आहे. साडेनऊला ती बंद होते, कारण रात्री जागून केलेला अभ्यास सकाळच्या वर्गात पेंगत घालवावा लागतो, हे शिक्षकांनी पाहिलेले आहे.

जानेवारीत पूर्वपरीक्षा होते. ती बोर्डासारखीच घेतात: वेळ तीच, बैठक क्रमांक, पुरवणी मागताना हात वर. पण या सगळ्या तयारीत मोलाचा दिवस त्यानंतरचा, तपासलेले पेपर हातात पडतात तो. पुष्कळ ठिकाणी त्या दिवशी गुण पाहिले जातात, बेरीज तपासली जाते आणि लगेच दुसरी सराव प्रश्नपत्रिका वाटली जाते. या शाळेत भूमितीच्या पेपरासाठी दोन तास राखून ठेवलेले असतात. प्रत्येकाने गेलेल्या प्रत्येक गुणापुढे पेन्सिलीने लिहायचे: येत नव्हते, येत असून चुकले, की वेळ पुरला नाही.

दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीचे समरूपतेच्या प्रश्नात तीनपैकी दोन गुण गेलेले. आकृती नेमकी होती, गुणोत्तर बरोबर होते, शेवटचे उत्तरही बरोबर. "बाई, हे तर मला येतंय की," ती म्हणाली. बाईंनी पेन तिच्या हातात दिले आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवले. दोन त्रिकोण समरूप कशावरून? तिने तोंडाने सांगितले: हा कोन समाईक, तो संगत कोन, म्हणून कोको कसोटी. "मग हे लिही की. तपासणाऱ्याला तू काय बोलतेस ते ऐकू येत नाही." कंसातली ती दोन कारणे आणि कसोटीचे नाव लिहायला तिला अर्धे मिनिटही लागले नाही. गेले होते दोन गुण, म्हणजे फळ्यावरच्या हिशेबाने सहा मिनिटे. तिने समासात लिहिले, 'येत असून चुकले', आणि पुढच्या प्रमेयाकडे वळली. तिथेही कारणे गाळलेली होती. एकच खोड चार ठिकाणी सापडली. आणखी दहा प्रश्नपत्रिका सोडवून ती सापडली नसती.

फेब्रुवारीत गावात अपेक्षित प्रश्नसंचांचा बाजार तेजीत येतो. प्रश्नांचा सराव म्हणून त्यांचा उपयोग आहे. पण 'हेच येणार' या भरवशावर प्रकरणे सोडून देणारे मूल पेपर उघडल्यावर अनोळखी प्रश्नापुढे हतबल होते. प्रश्नपत्रिकेचा आराखडा ओळखणे जास्त कामाचे. गणितातला पाचवा प्रश्न तीन गुणांचा असतो आणि तो डोके चालवायला लावतो. त्याची नऊ मिनिटे शेवटी द्यायची, आधीच्या चार प्रश्नांतले 37 गुण पक्के केल्यावर. शेवटच्या आठवड्यात नवे काही घेत नाहीत. प्रवेशपत्र, पट्टी-कंपास, केंद्रावर साडेदहाला पोहोचण्याची सोय, एवढेच पाहतात.

निकालानंतरही काम उरते. 2015पासून अनुत्तीर्ण मुलांसाठी त्याच वर्षी पुरवणी परीक्षा होते, त्यामुळे वर्ष वाया न घालवता अकरावी गाठता येते. त्यासाठी नाव नोंदवणाऱ्या मुलांना बाई सुट्टीत शाळेत बोलावतात आणि त्यांचे पूर्वपरीक्षेचे पेपर कपाटातून पुन्हा काढतात. 'येत नव्हते' असे जिथे लिहिलेले असेल, तिथून शिकवायला सुरुवात होते.