मुधोळच्या कुत्र्याचे बीज जपताना

गाय माजावर आली की वळू शोधत दोन गावे फिरायचे दिवस आता मागे पडले. फोन केला की दवाखान्यातून माणूस येतो, नायट्रोजनच्या डब्यातून एक बारीक कांडी काढतो आणि थोड्या वेळात काम उरकते. अंगणात लेकरे खेळत असली तरी यात कुणाला संकोच वाटत नाही, कारण त्यावर घरचे दूध चालते. हाच विषय कुत्र्याच्या बाबतीत निघाला की मात्र माणसे हसतात, नाहीतर बोलणे दुसरीकडे वळवतात. सीमाभागात मुधोळ कुत्री पाळणारी घरे थोडी नाहीत. अलीकडे या घरांतून 'आमच्या कुत्र्याचे बीज गोठवून ठेवता येईल का?' असा प्रश्न ऐकू येऊ लागला आहे. म्हणून हा विषय एकदा सरळ मांडावा असे वाटले.

गंमत म्हणजे या शास्त्रात मान कुत्र्याचा आहे, गाईचा नंतरचा. इटलीतील पाविया विद्यापीठात शिकवणारे लाझारो स्पालान्झानी हे धर्मगुरू आणि शास्त्रज्ञ. त्यांनी १७८० च्या सुमारास एका कुत्रीला पिचकारीने वीर्य दिले आणि ६२ दिवसांनी तिला तीन पिल्ले झाली. नर जवळ नसताना गर्भ राहू शकतो, हे जगाला त्या कुत्रीने दाखवले. आपल्याकडे हे तंत्र आले ते गाईसाठी, तेही कर्नाटकातच. १९३९ मध्ये म्हैसूरच्या पॅलेस डेअरी फार्मवर डॉ. संपत कुमारन यांनी हळ्ळीकार गाईंवर तो प्रयोग केला.

वीर्य गोठवून टिकवण्याची किल्ली सापडली १९४९ मध्ये, इंग्लंडमध्ये. पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स हे तिघे शास्त्रज्ञ कोंबड्याच्या वीर्यावर काम करत होते. गोठवले की पेशींत बर्फाचे स्फटिक होत आणि पेशी मरत. साखरेच्या द्रावणाची म्हणून घेतलेल्या एका बाटलीत प्रत्यक्षात ग्लिसरीन होते आणि त्या बाटलीतल्या पेशी जगल्या! बाटलीवरच्या चिठ्ठीच्या या घोटाळ्यातून आजचा सारा धंदा उभा राहिला. गाईगुरांत तो १९५० नंतर झपाट्याने पसरला. कुत्र्याच्या गोठवलेल्या वीर्यापासून पहिली पिल्ले झाली ती मात्र १९६९ मध्ये, अमेरिकेत.

इतका उशीर का झाला? मी इतिहास शिकवणारी. शास्त्राचा भाग मी ओळखीच्या पशुवैद्यकांकडून समजून घेतला. त्यांनी बोटे मोजून कारणे सांगितली. गाय दर २१ दिवसांनी माजावर येते, कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी एकदा. संधी हुकली तर अर्धे वर्ष गेले. बैलाच्या एका वेळच्या वीर्यातून शेकडो कांड्या भरतात, कुत्र्याच्या वीर्यातून मोजक्याच मात्रा मिळतात. आणि सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे वेळ. कुत्रीचे बीज बाहेर पडते तेव्हा ते कच्चे असते, पक्व व्हायला त्याला आणखी दोन-तीन दिवस लागतात. नैसर्गिक संबंधातून आलेले शुक्रजंतू तिच्या पोटात कित्येक दिवस वाट पाहू शकतात. गोठवून वितळवलेले मात्र जेमतेम काही तास ते एक दिवस टिकतात. म्हणून रक्त तपासून प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी पाहावी लागते आणि त्यावरून नेमका दिवस ठरवावा लागतो.

रीतही सोपी नाही. जमवलेल्या वीर्यात अंड्याचा बलक आणि ग्लिसरीन असलेले द्रावण मिसळतात. ते हळूहळू थंड करून कांड्यांत भरतात आणि उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवतात. नायट्रोजनची पातळी राखली तर ते वर्षानुवर्षे टिकते. नर मेला तरी त्याची पिल्ले होऊ शकतात. वापरताना कांडी कोमट पाण्यात वितळवून वीर्य थेट गर्भाशयात सोडावे लागते. गाईत हे हाताच्या अंदाजाने जमते. कुत्रीत मार्ग लांब आणि गर्भाशयाचे तोंड अवघड जागी, म्हणून खास नळी किंवा दुर्बीण लागते. शस्त्रक्रिया करून वीर्य सोडण्याची पद्धतही होती. पण एवढ्यासाठी मुक्या जनावराचे पोट फाडायचे का, असा आक्षेप घेऊन अनेक पशुवैद्यकांनी ती टाकून दिली आहे.

आता आपल्या मुधोळकडे येऊ. रन्न कवीच्या या गावाचे नाव जगात नेले ते तिथल्या कुत्र्याने. घोरपडे राजघराण्याने ही जात सांभाळली. मालोजीराव घोरपड्यांनी इंग्लंडच्या राजाला कुत्र्यांची जोडी भेट दिली, ही गोष्ट आजही घरोघरी सांगतात. कन्नडमध्ये 'मुधोळ नायी', महाराष्ट्रात 'कारवान'. नावे दोन, कुत्रा एकच. २००५ मध्ये टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढले. मुधोळजवळ तिम्मापूरला बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. २०१६ मध्ये या जातीची पिल्ले प्रशिक्षणासाठी लष्कराच्या मेरठच्या केंद्रात गेली, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये तिचे नाव घेतले. कर्नालच्या राष्ट्रीय ब्युरोने देशी कुत्र्यांच्या जातींची नोंदणी सुरू केली तेव्हा पहिल्या तीन जातींत राजापालयम आणि चिप्पिपराईबरोबर मुधोळही होता.

नाव झाले की मागणी येते, आणि मागणी आली की सगळ्यांना एकाच गाजलेल्या नराची पिल्ले हवी असतात. खरा धोका इथे आहे. एका नराकडून गावातल्या सगळ्या माद्या भरवल्या, की दोन पिढ्यांत जो तो एकमेकांचा भाऊ-बहीण. नरात एखादा लपलेला दोष असेल तर तो घरोघरी पोहोचतो. पूर्वी नर म्हातारा झाला की हे आपोआप थांबायचे. गोठवलेल्या वीर्याला म्हातारपण नाही आणि गावाची शीवही नाही. म्हणजे जे तंत्र जात वाचवू शकते, तेच चुकीच्या हाती जात पोखरूही शकते.

उलट बाजूही आहे. नॉर्वेत लुंडेहुंड नावाची समुद्रपक्षी पकडणारी जुनी जात आहे. साथीच्या रोगात ती जवळपास संपली आणि १९६० च्या दशकात उरलेल्या अवघ्या सहा कुत्र्यांपासून पुन्हा वाढवली गेली. आज ती जिवंत आहे, पण आतड्याचे विकार तिच्या पाचवीला पुजलेले आहेत. साथीपूर्वीच्या पंधरा-वीस वेगवेगळ्या नरांचे बीज कुठे राखलेले असते, तर हे टळले असते. पण तेव्हा ती सोयच नव्हती. आपल्याकडे आज आहे. माझ्या मते मुधोळच्या बाबतीत या तंत्राचा खरा उपयोग हाच. निरनिराळ्या गावांतील, निरनिराळ्या घराण्यांतील निरोगी नरांचे बीज एखाद्या सरकारी संस्थेत राखून ठेवावे, जसे भाताचे आणि जोंधळ्याचे जुने वाण राखतात. कन्नडमध्ये पिकाच्या वाणाला आणि जनावराच्या जातीला 'तळि' हा एकच शब्द आहे, तो उगीच नाही.

मुधोळ तालुक्यातल्या माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी गेल्या वर्षी गेले होते. त्याचे वडील त्यांच्या नऊ वर्षांच्या नराचे कौतुक सांगत होते आणि त्याचे बीज गोठवायला किती खर्च येईल याची चौकशी करत होते. दाराशी शेंगा फोडत बसलेली अज्जी एवढेच म्हणाली, "तायी चलो इरबेकु." आई चांगली पाहिजे. नऊ वर्षे नराचे गुण गाणाऱ्या त्या घरात पिल्लांच्या आईचे नाव तिने प्रथमच काढले. मला ते फार पटले. पिल्लात निम्मे रक्त आईचे असते. शिवाय त्रेसष्ट दिवस पोटात वाढवणे आणि नंतर दूध पाजणे तिचेच. कांडी कितीही नामवंत नराची असो, मादी अशक्त असेल, लागोपाठ विणीने थकलेली असेल, तर काय उपयोग?

मुधोळ कुत्री अजून स्वतःहून फळते आणि स्वतःच विते, हे तिचे वैभव आहे. इंग्लिश बुलडॉगचे काय झाले पाहा; त्याचा बांधा माणसाने असा बदलला की पुष्कळदा ना संबंध जमतो, ना शस्त्रक्रियेशिवाय प्रसूती होते. तेव्हा ज्यांच्या घरी एक-दोन कुत्री आहेत त्यांना गोठवलेल्या कांडीची गरज नाही. परक्या घराण्यातला निरोगी नर शोधावा. दोघांचीही ब्रुसेला रोगाची तपासणी करून घ्यावी, कारण तो वीर्यातूनही पसरतो आणि माणसालाही होऊ शकतो. कुत्र्यांच्या पैदाशीवर २०१७ पासून केंद्राचे नियम आहेत. मार्ग कोणताही असो, ते आधी वाचावेत.

आणि एक वही घालावी. पिल्लाचा जन्म कधीचा, आई कोण, बाप कोण, त्यांचे आईबाप कोण, कुणाला कोणता आजार झाला, एवढे लिहिले तरी पुरे. कुठल्या नराचे बीज राखायचे आणि कुठल्याचे नाही, हे उद्या संस्थेला अशा वह्यांवरूनच ठरवता येईल. मग ती वही मराठीत असो की कन्नडमध्ये.