नाल शाबूत असली तरी का काढायची?

जालना जिल्ह्यात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे इंग्रज आणि शिंदे-भोसले यांच्या फौजांची लढाई झाली. अशा लढायांच्या वर्णनात आपण तोफा आणि घोडदळ मोजतो. पण खूर दुखावला की घोडा लंगडतो आणि स्वार पायउतार होतो. तो खूर सांभाळणारा कारागीर म्हणजे नालबंद.

घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटाच्या टोकावर उभा असतो. खूर हे त्या बोटाचे नख. आपल्या नखाप्रमाणे तोही केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो आणि महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो. मोकळ्या रानात वाढ आणि झीज यांचा मेळ बसतो. ओझे आणि कठीण रस्ता यांमुळे झीज वाढते, म्हणून लोखंडी नाल ठोकतात.

नाल झीज थांबवते, वाढ मात्र थांबवत नाही. त्यामुळे नाल शाबूत असली, तरी साधारण ६ ते ८ आठवड्यांनी ती काढून वाढलेला खूर तासावा लागतो. खिळा खुराच्या बाहेरच्या निर्जीव कडेतून तिरपा बाहेर काढतात. तो जरासा आत वळला, तर जिवंत भागाला इजा होते. धनुर्वाताचाही धोका असतो.

बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून त्याच्या एका पायाला दोन पत्र्या लागतात. गावात पत्र्या मारण्याचे काम चालू असेल, तर विद्यार्थ्यांना ते दाखवू आणि विचारू: खिळा ठोकला तरी रक्त का येत नाही? उत्तर शोधताना त्यांना आपलीच नखे पाहू द्यावीत.