पाचवा कागद

नोव्हेनाच्या सहाव्या संध्याकाळी देवळात गाणं मध्येच फाटलं. निम्मी माणसं पुढचं कडवं म्हणत होती, उरलेली पुस्तिका चाळत होती. त्यांच्या हातात आठव्या पानानंतर थेट अकरावं पान होतं. ती पुस्तिका आमच्या संस्थेच्या छपाईच्या खोलीतून गेली होती. रात्री खोलीवर येऊन मी शिल्लक प्रती उघडल्या. बऱ्याच प्रतींत ९ आणि १० नव्हतं. पुढे २३ आणि २४ही नव्हतं.

ज्यानं पुस्तिका बांधली आहे त्याला हा हिशेब लगेच कळतो. ए-फोर कागद मधोमध दुमडला की ए-फाइव्हची चार पानं होतात, म्हणजे ३२ पानांना आठ कागद, एकात एक घातलेले. बाहेरून मोजत गेलं तर पाचव्या कागदावर ९, १०, २३ आणि २४ ही पानं येतात. आमच्या हातून पाचवा कागद उचलायचा राहिला होता. त्या रात्री ठरलं, कोलेटर, म्हणजे कागद क्रमानं उचलून लावणारं यंत्र, घ्यायचा.

आमचं गास हे नालासोपाऱ्याच्या पश्चिमेचं गाव. एका अंगाला वाड्या, दुसऱ्या अंगाला मिठागरं. सनसिटीकडून येणारा रस्ता जोराच्या पावसात पाण्याखाली जातो. इथल्या सेंट गोन्सालो गार्सिया देवळाचा सण नाताळानंतरच्या पौर्णिमेच्या जवळपासच्या रविवारी येतो. गोन्सालो वसईचा, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला, १८६२ साली संतपदाला पोचला. त्याचा जन्म १५५७च्या सुमारासचा, आणि भारतातला पहिला छापखाना गोव्यात उतरला तो १५५६ साली. या किनाऱ्यावर छापील कागद असा जुना आहे आणि त्याला वाचकही आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ संपादन केलेलं ‘सुवार्ता’ मासिक वसईचंच.

आमची खोली लहान आहे. एक रिसोग्राफ, एक झेरॉक्स, एक कटिंग मशीन, पिना मारायचं एक यंत्र आणि मोठं टेबल. या टेबलावर आठ ढीग मांडायचे, भोवती चौघांनी फिरायचं, प्रत्येक ढिगातला एक कागद उचलायचा. याला आम्ही सेट लावणं म्हणतो. हजार प्रतींचे आठ हजार कागद. एकट्यानं सेकंदाला एक उचलला तरी सव्वादोन तास, आणि सेकंदाला एक असं तासभर कोणी उचलत नाही. आमच्याकडे येणाऱ्या बायका पहाटे मोगऱ्याच्या कळ्या खुडलेल्या हातांनी दुपारी कागद उचलायच्या. त्यांची बोटं माझ्यापेक्षा दुप्पट चपळ. पण चौथ्या तासाला कोणाचंही बोट कोरडं पडतं, दोन कागद एकदम येतात, किंवा एक राहून जातो. नोव्हेनाच्या पुस्तिकेच्या वेळी रात्रीचे अकरा वाजले होते. दोष हातांचा नव्हता, त्या वेळी काम संपवायचा आग्रह माझा होता.

पान गळण्याची धास्ती आपल्याकडे फार जुनी. पोथी सहसा शिवली जात नाही. तिची पानं सुटी असतात. म्हणून पोथी लिहून काढणारे पानाच्या समासात पत्रांक घालायचे आणि ग्रंथाचं नावही आखडून लिहायचे. दोन पोथ्या एकाच वेळी जमिनीवर सांडल्या तरी वेगळ्या लावता याव्यात, एवढी सोय त्या चार अक्षरांत असायची. १८६९ साली जावजी दादाजींनी काढलेल्या निर्णयसागरसारख्या छापखान्यांनी पोथ्या छापल्या तेव्हाही ही रीत ठेवली. जाड पुस्तकांच्या बाइंडरनं दुसरी युक्ती काढली. प्रत्येक फॉर्मच्या, म्हणजे दुमडलेल्या पानांच्या जुडीच्या, घडीवर एक काळी रेघ छापायची, प्रत्येक वेळी थोडी खाली सरकवून. सगळे फॉर्म एकावर एक लागले की पाठीवर तिरपा जिना दिसतो. पायरी गाळली असेल तर फॉर्म गेला, एकाच उंचीवर दोनदा दिसली तर तोच फॉर्म दोनदा आला. हजार पुस्तकांची रास एका नजरेत तपासता येते. मला ही युक्ती कुठल्याही सेन्सरइतकीच मोलाची वाटते.

कोलेटरची गरज वाढली ती चक्रमुद्रणामुळे. १८८०च्या दशकात डेव्हिड गेस्टेटनरनं लंडनमध्ये स्टेन्सिलवरून प्रती काढायची पद्धत रुळवली आणि १८८७ साली अमेरिकेत ए. बी. डिकनं एडिसनच्या पेटंटवर मिमिओग्राफ बाजारात आणला. या यंत्रांची जात अशी की एका पानाच्या हजार प्रती निघतात, मग दुसऱ्या पानाच्या हजार. जपानच्या रिसोचं यंत्र १९८० साली आलं, तेही याच घराण्यातलं. म्हणून यंत्र पाहायला जाण्याआधी स्वतःला विचारायचं, आपली छपाई कशी होते? डिजिटल मशीन पहिल्यापासून शेवटपर्यंतची पानं क्रमानं काढतं. सगळं काम त्यावर होत असेल तर कोलेटरवर एक रुपयाही घालू नका. आमचं तसं नाही. मोठी संख्या रिसोवर स्वस्त पडते, कव्हरं बाहेरून ऑफसेटवर छापून येतात. ढीग पडणारच.

त्यानंतर बिन, म्हणजे खण. दहा खणांच्या उभ्या यंत्रात नऊ आतले कागद आणि एक कव्हर बसतं. आमची ३२ पानी पुस्तिका आणि कव्हर मिळून नऊ खण लागतात, एक मोकळा राहतो. विक्रेता वीस खणांचा जोड दाखवतो, पण वर्षातून दोनदा लागणाऱ्या अहवालासाठी तो घेण्यात अर्थ नाही, अहवाल दोन फेऱ्यांत लावता येतो. खणाची उंची मात्र नक्की विचारा. ८० जीएसएमचे शंभर कागद म्हणजे साधारण एक सेंटीमीटर. तीन सेंटीमीटरच्या खणात तीनशे कागद मावतात, म्हणजे दर तीनशे सेटनंतर यंत्र थांबवून नऊ खण भरायचे. माहितीपत्रकात ताशी सेटचा मोठा आकडा असतो, तो खण भरण्याचा वेळ धरत नाही. खणात घालण्याआधी कागद फुलवून हवा खेळती करायची, जॉगरवर ठोकून सरळ करायचा. खरा वेळ तिथे जातो.

कागद उचलण्याच्या रीती दोन. पहिली घर्षणाची, रबरी चाक वरचा कागद पुढे ढकलतं. दुसरी हवेची, पंखा गठ्ठ्यात हवा फुंकतो आणि चोषणी वरचा कागद ओढून घेते. हवेचं यंत्र चकचकीत आर्ट पेपरला चांगलं. त्यात छपाईवर रबराचा डाग पडत नाही. ते महाग आणि जास्त आवाजाचं. घर्षणाचं साध्या मॅपलिथो कागदाला पुरतं, पण रिसोची शाई नुसती वरवर सुकलेली असेल तर रबर ती पुढच्या कागदावर ओढतं. आम्ही रिसोवरचा गठ्ठा रात्रभर ठेवून मगच लावतो. रबर काही महिन्यांनी गुळगुळीत होऊन घसरू लागतं, ते पुसायचं आणि बदलायचं असतं. हे चाक कोण देतं, किती दिवसांत देतं आणि मेकॅनिक नालासोपाऱ्यापर्यंत येतो का, याचं उत्तर मिळाल्याशिवाय बोलणी पुढे नेऊ नका. परदेशातून आलेली जुनी यंत्रं निम्म्या भावात मिळतात, पण त्यांचं रबर मिळालं नाही तर ती खोलीत जागा अडवून बसतात.

गासमध्ये सगळ्यात कठीण परीक्षा घेते ती हवा. छपाईच्या खोलीत ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असावी असं मानतात. पावसाळ्यात आमच्या भिंतींना घाम सुटतो. उघडी रीम एका रात्रीत पाणी पिते, तिच्या कडा पापडासारख्या लाटा घेतात आणि दोन कागद एकमेकांना चिकटून येतात. म्हणून रीम वेष्टणातच ठेवायची, लागेल तेवढीच फोडायची. विक्रेत्याच्या दालनात थंड हवेत, कोऱ्या, करकरीत कागदावर यंत्र चालवून दाखवतात. त्यावर कुठलंही यंत्र छान चालतं. आम्ही जुलैत दोन रीम खांद्यावर घेऊन गेलो, एक आमच्या खोलीत चार दिवस उघडी ठेवलेली आणि एक रिसोवर दोन्ही बाजूंनी छापलेली. छापलेल्या रीमवर पहिल्या यंत्रानं दर दहा-बारा सेटला दोन कागद एकदम घेतले. दुसऱ्यानंही घेतले, पण प्रत्येक वेळी थांबून कोणत्या खणात चूक झाली ते दाखवलं. आम्ही दुसरं निवडलं.

चूक ओळखता येणं हाच माझ्या मते कोलेटरचा प्राण. यंत्र पहिला सेट लावताना प्रत्येक कागदातून किती प्रकाश आरपार जातो ते टिपून ठेवतं. पुढे प्रकाश कमी आला तर कागद दोन, कागद आलाच नाही तर खण रिकामा. गडद रंगाच्या भरीव छपाईवर हा डोळा फसू शकतो, म्हणून गडद कव्हरं विक्रेत्याकडेच घालून पाहायची. पावती पुस्तकांना तर हे जीवनमरणाचं. वर पांढरी पावती, खाली पिवळी, दोन्हींवर एकच क्रमांक. समजा ३४१ क्रमांकाला पांढऱ्या दोन एकदम आल्या, की पुढची प्रत्येक पांढरी पावती चुकीच्या पिवळीवर बसते, आणि हिशेबाच्या दिवसापर्यंत कोणाला पत्ता लागत नाही.

सेन्सरवर भिस्त ठेवूनही मी एक जुनी सवय सोडलेली नाही. ७० जीएसएमचा ए-फोर कागद ४.४ ग्रॅमच्या आसपास भरतो, आठ कागदांची आतली पानं ३५ ग्रॅम. किराणा दुकानातला एक ग्रॅमचा काटा एका कागदाचा फरक दाखवतो. त्या दिवसाच्या हवेत एक बरोबर सेट आधी तोलायचा, कारण ओला कागद जड असतो, आणि मग दर पन्नासातली एक पुस्तिका काट्यावर टाकायची.

यंत्र आता खिडकीपासून लांब, कोरड्या भिंतीशी उभं आहे. टेबल आम्ही काढलं नाही. गडद निळं कव्हर असलं की यंत्राचा डोळा त्यावर भरवशाचा राहत नाही, तेव्हा आठ कागद यंत्र लावतं आणि कव्हर त्याच बायका टेबलावर बसून हातानं घालतात. त्यातल्या एकीनं परवा कव्हर घालण्याआधी पुस्तिका हातात घेतली, उघडली नाही, नुसती तळव्यावर तोलली आणि बाजूला ठेवली. काट्यावर ती ३१ ग्रॅम भरली.